फाइव्ह ऑफ कप्स : आधी सांडलेलं मोजा

मी नोएडात राहते आणि इथेच टॅरो वाचते. नात्याचा प्रश्न घेऊन आलेल्या माणसासमोर आजचं कार्ड निघालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "तो परत येईल का?" हे कार्ड म्हणजे फाइव्ह ऑफ कप्स, पाच पेले.

आधी चित्र नीट बघा. काळा झगा पांघरलेला एक माणूस मान खाली घालून उभा आहे. समोर तीन पेले लवंडलेत. पाठीमागे दोन पेले उभे आहेत, पण त्याचं तिकडे लक्ष नाही. पलीकडे नदी, नदीवर पूल आणि पुलापल्याड एक गढी.

हे चित्र १९०९ साली लंडनला निघालेल्या रायडर-वेट संचातलं. आखणी ए. ई. वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. वेट यांनीही हे नुकसानीचं कार्ड मानलं आणि काहीतरी शिल्लक राहतं, असंही सांगितलं.

पेले म्हणजे पाणी, म्हणजे भावना. जवळची दोन कार्डं यात मिसळू नका. थ्री ऑफ स्वोर्ड्समध्ये घाव ताजा असतो. एट ऑफ कप्समधला माणूस स्वतःहून निघून जातो. फाइव्ह ऑफ कप्समध्ये जे व्हायचं ते होऊन गेलंय आणि माणूस अजून तिथेच उभा आहे. म्हणून "परत येईल का" याचं उत्तर या कार्डात शोधू नका. कार्ड बोलतं ते उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल, गेलेल्याबद्दल नाही.

आता माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या दिवसांत एक बाई आल्या होत्या. लग्न मोडलं होतं. हेच कार्ड निघालं आणि मी लगेच म्हटलं, "मागे बघा ना, दोन पेले आहेत!" त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, मला सांडलेलं मोजू तरी द्या."

त्या दिवसापासून मी पद्धत बदलली. सांडलेल्या तीन पेल्यांना एकेक नाव द्यायला सांगते. त्या बाईंचा पहिला पेला नवरा. दुसरा, रात्री मेट्रोतून उतरल्यावर "पोहोचलीस का?" विचारणारा फोन. तिसऱ्याला मात्र त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "सासूबाई." घटस्फोटात ते माणूसही सुटलं होतं आणि त्याचं दुःख करायची परवानगी त्यांना कुणी दिलीच नव्हती. उभे पेले त्यांनी त्या दिवशी मोजलेच नाहीत. काही आठवड्यांनी स्वतःहून आल्या आणि दोन्ही नावं सांगितली : नोकरी आणि गाझियाबादला राहणारा भाऊ.

आपल्या मराठी माणसाला हे पटवायला मी पानिपतचं उदाहरण देते. ते इथून फार लांब नाही. १४ जानेवारी १७६१ ला एका दिवसात घराघरातली माणसं गेली. नानासाहेब पेशव्यांचा मुलगा विश्वासराव गेला, चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेले. नानासाहेब त्यातून सावरले नाहीत, त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात पर्वतीवर त्यांचं निधन झालं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर पती गेल्याचं कधी मानलंच नाही. आणि त्याच रणातून पायाला जखम होऊन वाचलेले महादजी शिंदे दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजेसह पुन्हा दिल्लीत आले. या तिघांत कोण बरोबर, हे मी ठरवत नाही. सांगायचं इतकंच, की पुलापर्यंत पोहोचायला प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो आणि कुणी पोहोचतच नाही.

कार्ड उलटं आलं तर दोन शक्यता बघा. माणूस वळायला लागलाय, किंवा दुःख लपवून "मी ठीक आहे" म्हणतोय. कोणती खरी, ते शेजारच्या कार्डांवरून ठरवा आणि समोरच्याला विचाराही. भूतकाळाच्या जागी आलं तर जुनं नुकसान आजच्या नात्यात ओढलं जातंय का, ते तपासा. भविष्याच्या जागी आलं म्हणून "नातं तुटणार" असं मात्र कुणाला सांगू नका.

एकाच प्रश्नासाठी रोज कार्ड काढू नका. तेही सांडलेल्या पेल्यांकडे बघत राहणंच आहे. आणि झोप, जेवण सुटलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर कार्ड बाजूला ठेवा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ वर फोन करा, चोवीस तास मोफत. टॅरो त्याची जागा घेऊ शकत नाही.

आज एवढंच करा. वहीत तीन ओळी लिहा, सांडलेल्या पेल्यांची नावं. खाली दोन ओळी कोऱ्या सोडा. त्या आजच भरल्या पाहिजेत असं नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.