लांब केसांचा ससा : खरेदी आणि निगा

डॉक्टरांच्या घरातील पाळीव प्राणी आजारी पडला म्हणजे पशुवैद्याला दूरध्वनी करण्याआधी आपला हात औषधांच्या नमुन्यांच्या खणाकडे जातो. सहा वर्षांपूर्वी माझाही गेला. नातीसाठी आणलेल्या पांढऱ्याशुभ्र अंगोरा सशाचे नाक वाहू लागले, तेव्हा लहान मुलांना देतो ते अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध मी वजनाच्या हिशेबाने त्याला पाजले. तिसऱ्या दिवशी हगवण लागली आणि चौथ्या दिवशी तो गेला. मात्रा अचूक होती. परंतु ज्याला ती दिली त्याचे पचनतंत्र सर्वस्वी निराळे होते. पुढे नातीच्या हट्टाने दुसरा ससा आला. त्याला सांभाळताना जे शिकलो, ते व्यवसायबंधूंच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

अंगोरा हे तुर्कस्तानातील अंकारा शहराचे जुने नाव. या सशाची लोकर महिन्याला सुमारे अडीच सेंटिमीटर वाढते. आपल्या देशात हिमाचल प्रदेशातील कुल्लू जिल्ह्यात, गडसा येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेच्या केंद्रात या जातीवर काम झाले आहे. थंड हवेची ही निवड सहेतुक आहे. असा प्राणी आपण माळव्यात आणतो, तेव्हा त्याच्या कोटाची जबाबदारीही घरी आणतो, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

खरेदीपूर्वी

ससा ८ ते १० वर्षे जगतो. मुलांची हौस दोन महिन्यांत ओसरली, तर पुढची वर्षे कोण सांभाळणार, हे आधी ठरवावे. इंग्लिश अंगोराच्या चेहऱ्यावर व कानांवरही लोकर असते. फ्रेंच प्रकारात ती तोंडाकडे फारशी नसल्याने नवख्याला तो सोपा जातो. पिल्लू ८ आठवड्यांहून लहान घेऊ नये. वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे बसतात ना, हे ओठ उचलून पाहावे. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते नीट जुळले नाहीत तर झिजत नाहीत. पुढच्या पंजांची आतली बाजू ओली वा चिकट असेल, तर तो वाहते नाक पुसत असतो असे समजावे. कानात खपल्या नसाव्यात, शेपटीखालचा भाग कोरडा असावा. खरेदी दिवाळीनंतर करावी. म्हणजे उन्हाळ्यापूर्वी विंचरण्याची सवय त्यालाही लागते आणि आपल्यालाही.

केसांची निगा

एक दिवसाआड विंचरणे आवश्यक आहे. कानांमागे, काखेत, जांघेत व शेपटीखाली गाठी प्रथम होतात. गाठ ओढू नये. सशाची त्वचा इतकी पातळ असते की ती केसांसह फाटते. गाठ व त्वचा यांच्यामध्ये फणी धरून वरचा भाग हलकेच कापावा. आंघोळ घालू नये. ओली लोकर घट्ट आवळते आणि सशाला तिचा धसका बसतो. दर तीन महिन्यांनी लोकर कातरावी. त्यातली एक कातरणी होळीच्या सुमारास येईल, असा क्रम ठेवावा. पावसाळ्यात शेपटीखालचा भाग रोज तपासावा. तेथील घाणीवर माशीने अंडी घातली तर एका दिवसात अळ्या पडतात.

आहार

ससा स्वतःला चाटतो, त्यामुळे केस पोटात जातातच. आणि त्याला ओकता येत नाही. पूर्वी केसांचा गोळा हाच आजार मानीत. आता कळले आहे की तंतुमय अन्न वा पाणी कमी पडले, किंवा वेदनेने आतड्यांची गती मंदावली, म्हणजे केस अडकतात. म्हणून आहाराचा मोठा भाग वाळलेल्या गवताचा असावा. हरळी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला चालतो. गाजर केवळ खाऊपुरते. लसूणघास वाढत्या पिलाला ठीक. प्रौढ सशाला त्यातील कॅल्शियम जास्त होते. रात्री तो स्वतःच्या मऊ लेंड्या खातो, तो विकार नव्हे. त्यातून त्याला जीवनसत्त्वे मिळतात. लेंड्या बारीक झाल्या, केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या, किंवा १२ तास त्याने काही खाल्ले नाही, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.

उन्हाळा

सशाला घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. खोलीचे तापमान ३० अंशांपलीकडे गेले की लांब केसांचा ससा धोक्यात येतो, आणि मे महिन्यात येथे पारा ४० ओलांडतो. त्याला तळमजल्यावरील फरशीच्या खोलीत, कूलर व वाळ्याच्या पडद्याच्या आश्रयाने ठेवावे; गच्चीवर वा बाल्कनीतील पिंजऱ्यात कदापि नाही. गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी. तो धापा टाकू लागला तर कान साध्या पाण्याने ओले करून तत्काळ पशुवैद्य गाठावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

औषधे

सशाचे सामान्य तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सियस असते. आपल्याला जो ताप वाटतो, तो त्याचा ताप नसतो. त्याचे अन्न मोठ्या अंधांत्रातील जिवाणू आंबवतात. तोंडावाटे दिलेल्या अमॉक्सिसिलिन, अॅम्पिसिलिन वा क्लिंडामायसिनने हे उपकारक जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम वाढतात आणि त्यांच्या विषाने ससा दगावतो. कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरले जाणारे फिप्रोनिलही त्याला घातक आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आपण रुग्णाला उपाशी ठेवतो. सशाला तसे ठेवू नये, कारण त्याला उलटी होत नाही आणि उपासाने आतडी थांबतात.

दुसरा ससा आज पाच वर्षांचा आहे. त्याचे नाक वाहिले, तेव्हा मी खण उघडला नाही. पशुवैद्यांना दूरध्वनी केला. ज्यांच्या घरी ससा येणार आहे, त्यांनी पिंजरा घेण्यापूर्वी सशांवर उपचार करणारे पशुवैद्य शोधून ठेवावेत, एवढीच विनंती.