शनिवार तेल्याचा घाणा

रविवार म्हणजे उशिरा उठण्याचा, निवांत चहाचा आणि पुरवणी चाळण्याचा दिवस. आमच्या घरी मात्र रविवारी सर्वांत आधी दिवा लागतो तो माझ्या खोलीत. मी ख्रिस्ती मंडळीचा पाळक. सकाळी उपासना, दुपारी इस्पितळात आजाऱ्यांची भेट, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. उरलेले सहा दिवस वसतिगृहाचा अधीक्षक. बावीस वर्षे हे असेच चालले होते आणि मला त्याचा अभिमानही होता.

एके दुपारी कब्रस्तानात प्रार्थना करताना मी मृत बाईंचे नाव चुकलो. आदल्या आठवड्यात जिला मूठमाती दिली होती, तिचे नाव घेतले. कुणी काही बोलले नाही. थोरल्या मुलाने फक्त मान वर करून पाहिले. रात्री बायको म्हणाली, "आमच्यात तर तुम्ही नव्हताच, आता त्यांच्यातही नाही."

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. बहिणीकडे अलिबागला गेलो. तिथे शेजारच्या आजोबांकडून 'शनिवार तेली' हा शब्द ऐकला. कोकणातले बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत. शनिवारी त्यांचा घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना हे नाव दिले. त्यांच्या परंपरेनुसार धर्मग्रंथ हातचे गेले, पण शब्बाथ त्यांनी सोडला नाही. मी शब्बाथावर कितीतरी प्रवचने दिली होती. माझा घाणा मात्र एक दिवस थांबला नव्हता.

त्या आठ दिवसांत ती आज्ञा पुन्हा वाचली. विसावा एकट्या धन्याला नाही. दासाला, दासीला, गुराढोरांना, दारी आलेल्या परक्यालाही आहे. अनुवादाच्या पुस्तकात त्याचे कारणही दिले आहे : तुम्ही मिसरात गुलाम होता, हे विसरू नका. गुलामाला सुट्टी नसते. आपला शेतकरीसुद्धा पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडल्यावर. त्यांना समोर गिरणीमालक तरी दिसत होते. माझा मालक कोण? 'माझ्यावाचून चालायचे नाही' हा माझाच समज!

परतल्यावर मंडळीच्या पंचांना सांगितले, सोमवार माझा विसाव्याचा. एक वडीलधारे कुरकुरले, "पाळकसाहेब, देवाच्या कामाला सुट्टी असते का?" मी म्हटले, "सातव्या दिवशी त्यानेच घेतली होती."

बोलणे सोपे होते. पहिल्या सोमवारी हात शिवशिवत होते. फोन कपाटात, कान मात्र तिकडेच. एकदा वसतिगृहातल्या मुलाला ताप भरला. सहकाऱ्याने त्याला दवाखान्यात नेले, रात्रभर उशाशी बसला. मला मंगळवारी कळले. खरे सांगतो, आनंद होण्याआधी वाईट वाटले. माझ्यावाचून चालले होते! खरे दुखणे तिथे होते.

त्यानंतर एका संध्याकाळी मी त्या थोरल्या मुलाच्या घरी गेलो. आईचे नाव नीट घेतले आणि क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बसा ना, चहा टाकतो." घड्याळाकडे न पाहता मी बसलो. तो आईविषयी बोलत राहिला आणि मी, कित्येक वर्षांनी, नुसते ऐकत राहिलो.