रोजा डोळ्यांना दिसत नाही

नमाज पढणारा माणूस दिसतो. हजला जाणाऱ्याला निरोप द्यायला अख्खा मोहल्ला जमतो. जकात कोणी दिली, हे निदान घेणाऱ्याला तरी कळते. रोजा मात्र कोणालाच दिसत नाही. दार लावून कोणी घोटभर पाणी प्यायले तर ते त्याला आणि अल्लाहलाच ठाऊक. रोज्याचा मोबदला अल्लाह स्वतः देईल, असे हदीसमध्ये आले आहे, ते बहुधा याचमुळे.

गंमत अशी की, जी इबादत दिसत नाही तिच्यावरच आपली सर्वाधिक नजर असते. बसस्थानकावर एखाद्या दाढीवाल्या माणसाने पाण्याची बाटली तोंडाला लावली की माना वळतात. 'याचा रोजा नाही वाटतं?' मुस्लिम हे नाराजीने विचारतो, हिंदू मित्र कुतूहलाने. कुरआनने आजारी आणि प्रवासी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा दिली आहे. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईलाही सवलत आहे. मासिक पाळीच्या दिवसांत तर रोजा ठेवायचाच नसतो, ते रोजे नंतर भरून काढायचे असतात. तरीही कितीतरी घरांत त्या दिवसांतल्या मुली सहरीला उठतात आणि दिवसभर लपून पाणी पितात. का, तर कोणीतरी विचारेल. मधुमेहाच्या रुग्णाला चारचौघांत आपली शुगर सांगावी लागते. सवलत अल्लाहने दिली, खुलासा मात्र माणसांना द्यावा लागतो.

कुरआनातील 'हुजुरात' या सूरहमध्ये, म्हणजे अध्यायात, तीन गोष्टींपासून ओळीने रोखले आहे. पहिली बदगुमानी, म्हणजे नुसत्या अंदाजावरून कोणाबद्दल वाईट मत बांधणे. दुसरी टेहळणी. तिसरी गीबत, म्हणजे पाठीमागची निंदा. गीबत करणे हे आपल्याच मेलेल्या भावाचे मांस खाण्यासारखे म्हटले आहे. हा क्रम आपल्या रोजच्या अनुभवातला आहे. एकदा संशय आला की माणूस पुरावा शोधू लागतो. शोधणाऱ्याला काही ना काही सापडतेच. आणि सापडले की ते चार जणांच्या कानावर घातल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. दिवसभर अन्नाचा कण न घेणारा रोजेदार संध्याकाळपर्यंत अशा मांसाने पोट भरून बसलेला असू शकतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातली एक घटना प्रसिद्ध आहे. हजरत उसामा (रजि.) यांनी लढाईत एका शत्रूला गाठले. त्या क्षणी त्याने कलमा उच्चारला. हा जीव वाचवण्यासाठीच बोलतो आहे, अशी उसामांची खात्री होती. त्यांनी त्याला ठार केले. प्रेषितांना हे कळले तेव्हा त्यांनी विचारले की, तू त्याचे काळीज चिरून पाहिले होतेस काय? उसामांचा अंदाज कदाचित बरोबरही असेल. पण काळजातले पाहण्याचा अधिकार त्यांचा नव्हता.

हा अधिकार माणूस स्वतःकडे घेतो तेव्हा काय होते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे देशभरातल्या अनेक जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवले. कोणाच्या पोटी जन्मलात, एवढाच पुरावा. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. मनातला कायदा मात्र राहिला. आपल्या जिल्ह्यातल्या पारधी बेड्यावर जाऊन विचारा, गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठे येते.

२००३ च्या जूनमध्ये नाशिकजवळ एका वस्तीवर दरोडा पडला, खून झाले. त्यात आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील सहा जण पकडले गेले. सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली. पुढे फेरविचार झाला. वाचलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांकडच्या फोटोंतून सुरुवातीला भलत्याच चौघांना ओळखले होते, हे तेव्हा महत्त्वाचे ठरले. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला, म्हणून निदान सहा जीव वाचले.

प्रेषितांकडेही लोक भांडणे घेऊन येत. ते त्यांना बजावत की, मीही माणूसच आहे. एखादा जण बोलण्यात जास्त हुशार असेल आणि मी ऐकले त्यावरून त्याच्या बाजूने निकाल देईन. पण दुसऱ्याचा हक्क त्याच्या पदरात पडला असेल, तर तो आगीचा तुकडा आहे हे त्याने समजावे. ज्यांच्या शब्दावर लोक जीव टाकत, ते आपल्या निवाड्याबद्दल असे बोलत होते.

आपल्याकडे एवढी सावधगिरी कुठे असते? नाव कळले आणि भाड्याची खोली अचानक 'आधीच दिलेली' निघाली, हे आपल्या गावांत घडते. आपल्या मोहल्ल्यातही 'ते लोक तसलेच' म्हणून दुसऱ्यांना एका वाक्यात निकाली काढले जाते, हेही खरे आहे. निवाडे केल्याशिवाय जगता येत नाही. कोणाला कामावर ठेवायचे, कोणाला उधार द्यायचे, हे ठरवावेच लागते. पण समोरच्याने काय केले, यावरून ठरवणे वेगळे आणि तो कोण दिसतो, यावरून ठरवणे वेगळे.

एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी खामगाव, मलकापूर, चिखली इथून एकमेकांना फोन सुरू होतात. चांद दिसला का? आपल्याकडे बहुतेक मुस्लिम ज्या हनफी परंपरेचे आहेत, तिच्यात एक नियम आहे. ईदचा चांद एकट्यालाच दिसला आणि त्याची साक्ष मान्य झाली नाही, तर त्याने दुसऱ्या दिवशी सर्वांबरोबर रोजा ठेवायचा. चांद त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. तरी तो खोटे बोलला, असे कोणी म्हणत नाही, आणि तोही इतरांना आंधळे म्हणत नाही. आणखी एक दिवस तो गावाबरोबर उपाशी राहतो.