बायोटेक्नॉलॉजी : शिक्षण किती, पगार किती?



पी. यू. सी. सायन्सला जीवशास्त्र घेतलेल्या मुलाला मेडिकलची सीट मिळाली नाही, की घरात बायोटेक्नॉलॉजीचे नाव निघते. 'त्यात पगार फार असतो' एवढ्या ऐकीव माहितीवर प्रवेश घेतला जातो. खर्च मात्र घरालाच सोसावा लागतो. म्हणून थोडी माहिती देत आहोत.

सजीवांच्या पेशींकडून उपयोगाची वस्तू तयार करून घेणे म्हणजे बायोटेक्नॉलॉजी. दुधाला विरजण लावणे हे तिचे घरगुती रूप. कारखान्यात मोठ्या टाक्यांत सूक्ष्म जीव वाढवून इन्सुलिन तयार करतात. आपल्या भागाला हे काम नवे नाही. बेळगावचे व्हॅक्सिन डेपो मैदान सर्वांना ठाऊक आहे. तेथे पूर्वी देवीची लस तयार होत असे. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ साली, तर बेंगळुरूची बायोकॉन १९७८ साली सुरू झाली. जळगावला जैन कंपनी टिश्यू कल्चरने केळीची रोपे तयार करते. या सर्व ठिकाणी उत्पादन, माल तपासणी, नोंदी, संशोधन व विक्री अशी निरनिराळी कामे असतात.

आता पगार. बी. एस्सी. झालेल्याला खासगी कंपनीत सुरुवातीला साधारण १५ ते २० हजार रुपये मिळतात. बेंगळुरूत खोलीभाडे व जेवण यातच बरेचसे संपतात. एम. एस्सी. किंवा बी. ई. झालेल्याची सुरुवात २० ते ३५ हजारांच्या आसपास होते. राष्ट्रीय परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार व पुढे ४२ हजार रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे विद्यापीठातील सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते.

पण वर्षे मोजा. दहावीनंतर पी. यू. सी. दोन, बी. एस्सी. तीन, एम. एस्सी. दोन आणि पीएच. डी. चार-पाच वर्षे. म्हणजे वय अठ्ठावीस होते. सॉफ्टवेअरमधील वर्गमित्र बाविसाव्या वर्षी कमावता झालेला असतो.

सुरुवातीचा पगार कमी का? पदवीधर पुष्कळ आणि चांगल्या कंपन्या मोजक्या. शिवाय हाताला सवय नसेल तर एका चुकीने पूर्ण टाकी नासते. म्हणून कंपनी अनुभवाला पैसे देते, केवळ पदवीला नाही. पाच-सात वर्षे टिकून काम शिकणाऱ्याचे वेतन चांगले वाढते.

यावरून आमच्या सूचना अशा :

१. पी. यू. सी.ला जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवावे. बी. ई.ला ते लागते, आणि पुढे संगणकाच्या कामातही उपयोगी पडते.

२. लाखो रुपयांचे कर्ज काढून दूरची सीट घेऊ नये. धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ, १९८६ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आणि हुबळीचे के. एल. ई. तंत्रज्ञान विद्यापीठ जवळ आहेत. बेलूरहून धारवाडला बसने ये-जा करता येते. वसतिगृहाचा खर्च वाचतो.

३. एम. एस्सी.साठी गॅट-बी ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी. तिच्यातून मिळणाऱ्या जागांना विद्यावेतन असते.

४. मुलींचे शिक्षण बी. एस्सी.वर थांबवू नये. या क्षेत्रात खरी किंमत एम. एस्सी.नंतर येते. नेमक्या त्याच वेळी लग्नासाठी मुलीला घरी बसवले, तर तिची पाच वर्षांची मेहनत अर्ध्यावर राहते.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. मुलांनी पेशी पुस्तकात पाहिली आहे. भिंगाखालीही पाहिली पाहिजे. शाळेसाठी चार चांगले सूक्ष्मदर्शक आणि वर्षातून एकदा कृषी विद्यापीठाची सहल, एवढी सोय झाली तरी आवड कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे फी भरण्याआधीच कळेल.

पगार विचारणे चुकीचे नाही. पण तो किती वर्षांनी व किती खर्चानंतर मिळणार, हेही विचारावे. सर्व विद्यार्थ्यांना शुभेच्छा!

– मुख्याध्यापक