भागबाजारात उतरण्यापूर्वी

व्यापाऱ्यास जोखीम काय शिकवावी, असे आमचे सभासद बंधू म्हणतील. उधारीवर माल देणे, पावसाचा भरवसा नसता हंगामाआधी गोदाम भरून ठेवणे, ही त्यांची नित्याची कामे. तथापि पेढीवर कसलेला गृहस्थ भागबाजारात प्रथमच उतरतो तेव्हा तो नेमका येथेच फसतो, असे आम्हांस वाटते. पेढीवरचे धैर्य तेथेही आपल्या सोबत येईल, असे तो धरून चालतो.

गोदामातील मालाचा भाव कोणी क्षणोक्षणी फळ्यावर लिहीत नाही. मंदी आली तरी पोती डोळ्यांसमोर असतात, गिऱ्हाईक ओळखीचे असते. भागांची किंमत मात्र आता खिशातल्या मोबाइलवर सारखी दिसते; एकच तोटा दिवसातून पन्नास वेळा पाहावा लागतो. म्हणून चोपडीला किती सोसवेल आणि मनाला किती सोसवेल, हे दोन हिशेब वेगळे मांडले पाहिजेत.

चोपडीचा हिशेब व्यापाऱ्यास नोकरदारापेक्षा कठीण आहे. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स निर्देशांक एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला, आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. भागांची किंमत उतरलेली, त्याच वेळी दुकानास कुलूप, वसुली अडकलेली आणि गुमास्त्यांचे पगार व भाडे चालूच. ज्या दिवशी भाग विकू नयेत, नेमक्या त्याच दिवशी ते विकण्याची पाळी अशा वेळी येते. तेव्हा निदान सहा महिन्यांचा दुकानखर्च, कर्जाचे हप्ते आणि चार-पाच वर्षांत लागणारी लग्नाची वा शिक्षणाची रक्कम आधी बाजूला काढावी. बाजाराचा विचार उरलेल्या रकमेपुरताच करावा.

मनाचा हिशेब टक्क्यांत करू नये, रुपयांत करावा. ८ जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता. ९ मार्च २००९ रोजी तो ८,१६० वर आला. त्या प्रमाणात पाच लाखांचे सुमारे एक लाख पंचाण्णव हजार उरतात. हा आकडा पाहून रात्री झोप लागेल काय? हा प्रश्न घरातील मंडळींसमक्ष विचारावा. आपला स्वभाव त्यांस आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतो. निर्देशांक पुन्हा त्या पातळीवर येण्यास २०१० ची दिवाळी उजाडली. जे थांबले त्यांचे भरून आले. घाबरून ज्यांनी विकले त्यांचा तोटा कायमचा झाला. अर्थात हे निर्देशांकाचे झाले, एकट्या कंपनीस अशी हमी नाही. हैदराबादच्या सत्यम कंपनीचा भाग ७ जानेवारी २००९ रोजी एका दिवसात तीन-चतुर्थांशाहून अधिक उतरला होता.

थांबण्याची सोय मात्र स्वतःच्या पैशालाच असते. आपल्याच समाजातील प्रेमचंद रायचंद हे मुंबईच्या बाजाराचे अनभिषिक्त राजे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसास सोन्याचा भाव आला आणि भागांची तेजी शिगेस पोहोचली. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले. १ जुलै ही वायदे चुकते करण्याची तारीख होती. त्या दिवशी मोठमोठ्या पेढ्या बसल्या, प्रेमचंदांची अफाट संपत्तीही गेली. त्यांच्या दानातून उभा राहिलेला राजाबाई टॉवर तेवढा आजही मुंबईत घंटा देतो. बुद्धी त्यांच्याजवळ कमी नव्हती. पण वायद्याची तारीख आपल्या सोयीने पुढे ढकलता येत नाही. म्हणून उसन्या पैशाने भाग घेणाऱ्याची सोसण्याची ताकद, तो कितीही निधड्या छातीचा असो, आम्ही शून्य धरतो.

परिग्रह-परिमाण हे अणुव्रत श्रावकांस नवे नाही. बाजारापुरतेही परिमाण आधीच ठरवावे. आरंभी निर्देशांकाधारित फंडात लहान रक्कम घालून वर्षभर स्वतःच्या मनाची घालमेल पाहावी. कमाल रकमेचा आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवावा. तेजीत तो वाढवावासा वाटेल. तेव्हा जुना न खोडता शेजारी नवा आकडा व नवी तारीख लिहावी, आणि बाजार त्या दिवशी कोठे होता तेही.