पाच मुले, दहा वाढदिवस

अमेरिकेत येऊन स्थायिक झालेल्या बेने इस्राएल कुटुंबांपुढे जे लहानमोठे प्रश्न उभे राहतात, त्यांत मुलांच्या वाढदिवसाचा प्रश्न कोणी गंभीरपणे मांडल्याचे आमच्या वाचनात नाही. शब्बाथ कसा पाळावा, कोशर मांस कोठून आणावे, मुलांची मराठी कशी टिकवावी, यांवर पुष्कळ लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या घरात पाच मुले आहेत, आईवडील दोघेही नोकरी करतात, त्यांपैकी एकाची रात्रपाळी असते आणि जोडीला वृद्ध आजीही आहेत, त्या घरात वर्षातून पाच वेळा येणारा हा प्रसंग किती अवघड होऊन बसतो, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. आम्ही मिशिगन राज्यातील ॲन आर्बर या गावी राहतो, आणि आमचे घर हे असेच एक घर आहे.

प्रथम गावाविषयी दोन शब्द. 1824 साली जॉन ॲलन व एलायशा रम्झी या दोघांनी हे गाव वसविले. दोघांच्याही पत्नींच्या नावात ‘ॲन’ होते आणि येथील ओक वृक्षांची सावली मांडवासारखी पडे, म्हणून ‘ॲनचा मांडव’ अशा अर्थाचे हे नाव ठेवले गेले, असे सांगतात. 2024 साली गावाला दोनशे वर्षे पूर्ण झाली आणि गावाने स्वतःचाच वाढदिवस थाटाने साजरा केला. अशा गावी मुलांना वाढदिवसाचे वेड नसते तरच नवल.

येथे मुलाच्या दप्तरातून निमंत्रणपत्रिका घरी येते. तीत समारंभ सुरू होण्याची वेळ असते, तशीच तो संपण्याचीही वेळ छापलेली असते : दोन ते चार. कोकणात पाहुण्यास ‘आपण चार वाजता निघावे’ असे आगाऊ लिहून कळविणाऱ्या घराशी कोणी सोयरीक केली नसती! निघतेवेळी प्रत्येक पाहुण्या मुलाच्या हाती परतभेटीची एक पिशवी देतात, आणि ज्याच्या घरी आपले मूल जेवून आले त्यास आपणही बोलावणे हा शिष्टाचार समजला जातो. आता हिशेब पाहा. एका मुलास वर्षाकाठी पंधरा निमंत्रणे आली असे धरले, तर पाच मुलांची पंचाहत्तर होतात. आणि वर्षात रविवार तर बावन्नच. शनिवार आम्हांस मोकळा नाही, कारण तो शब्बाथ. शिवाय शरद ऋतूत विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे सामने बहुधा शनिवारीच असतात. 2020 च्या जनगणनेत ज्या गावाची वस्ती 1,23,851 भरली, त्या गावच्या क्रीडांगणात 1,07,601 माणसांची बसण्याची सोय आहे. त्या दिवशी रस्त्यावर मोटार काढणे हे साहसच होय.

या ओढाताणीवर उपाय म्हणून आमच्या घरात एक प्रस्ताव आला. दोन भावंडांचे वाढदिवस नऊ दिवसांच्या अंतराने येतात. ते दोन्ही एकाच रविवारी उरकावेत, एकच केक आणावा आणि एकदाच मंडळी बोलवावीत. खर्चाच्या व वेळेच्या दृष्टीने प्रस्ताव निर्दोष होता. तिसऱ्या क्रमांकाच्या मुलीने मात्र एकच शंका काढली. ‘नऊ मेणबत्त्या माझ्या आणि सहा त्याच्या. मग पंधरा लावल्या तर त्या कोणाच्या?’ यावर कोणासही उत्तर देता आले नाही, आणि प्रस्ताव तेथेच बारगळला. बहुलेकरी घरात सदरा थोरल्याकडून धाकट्याकडे जातो, सायकल जाते, पुस्तके जातात, पलंगही वाटून घ्यावा लागतो. आपला म्हणून मुलाजवळ जन्मदिवसाखेरीज फारसे काही नसते. म्हणून समारंभ एकत्र झाला तरी चालेल, दिवस मात्र एकत्र होता कामा नये, असे आमचे मत बनले. प्रश्न उरला तो एवढाच की, हे जमवावे कसे?

जुन्या पिढीकडे या बाबतीत मार्गदर्शन मागावे तर तेथे वाढदिवस हा प्रकारच नव्हता. आठ-नऊ मुलांच्या कोकणातल्या घरात मूल जन्मले की आठव्या दिवशी मुलाची सुंता होई, पुढे बारसे होई, नवस बोललेला असल्यास एलियाहू हन्नाबींच्या नावे मलिदा होई, आणि मग त्या मुलाची स्वतंत्र दखल थेट तेराव्या वर्षी घेतली जाई. शास्त्राकडे वळावे तर तोरामध्ये वाढदिवसाचा उल्लेख एकदाच येतो, बेरेशीथच्या चाळिसाव्या अध्यायात, आणि तो वाढदिवस आहे फारोचा. त्या मेजवानीत फारोने प्यालेबरदारास पुन्हा कामावर घेतले आणि भटारखान्याच्या प्रमुखास फासावर दिले. घरी केक भाजणाऱ्यांनी हा अध्याय वाचू नये हे बरे! तथापि वाढदिवस आम्हांस वर्ज्य आहे असे मुळीच नाही. मोशे रब्बेनूंचा जन्म व मृत्यू दोन्ही अदार महिन्याच्या 7 तारखेस झाले असे परंपरा मानते, आणि 1988 साली न्यूयॉर्कच्या लुबाविचर रब्बींनी तर हिब्रू तिथीस वाढदिवस पाळण्याचा सर्वांस आवर्जून उपदेश केला.

या हिब्रू तिथीनेच आमची अडचण दूर केली. वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेलच, तरीही थोडे विस्ताराने लिहितो, कारण आमच्या मुलांना यातच अधिक गोडी वाटली. हिब्रू महिने चंद्राप्रमाणे चालतात. बारा महिन्यांचे साधे वर्ष 353 ते 355 दिवसांचे असते, म्हणजे सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी तोकडे. ही तूट भरून काढण्यासाठी एकोणीस वर्षांत सात वेळा अदार महिना दोनदा येतो. महाराष्ट्रात वाढलेल्यांस यात नवे काही नाही; आपल्या शेजाऱ्यांच्या पंचांगात अधिक महिना येतो तो याच कारणाने, जसा 2023 साली अधिक श्रावण आला होता. परिणामी हिब्रू वाढदिवस इंग्रजी तारखेच्या मागेपुढे सरकत राहतो आणि साधारणतः एकोणीस वर्षांनी पुन्हा मूळ तारखेला किंवा तिच्या जवळपास येऊन भिडतो. ज्या दोघा भावंडांत इंग्रजी हिशेबाने नऊ दिवस होते, त्यांच्यात हिब्रू हिशेबाने तीन आठवडे निघाले.

थोरल्याने तर एक कोडेच सर्वांना घातले. जुळ्यांपैकी एक पहिल्या अदारच्या शेवटच्या दिवशी, 30 तारखेस, जन्मला आणि दुसरा सूर्यास्तानंतर, म्हणजे दुसऱ्या अदारच्या 1 तारखेस. तेरावे वर्ष साध्या वर्षात पुरे झाले, अदार एकच आला, तर धाकटा भाऊ थोरल्याच्या आधी चार आठवडे मोठा होतो! हे ऐकल्यापासून आमचा शेंडेफळ आपणही केव्हातरी सर्वांच्या पुढे जाऊ अशी आशा बाळगून आहे.

तिथी काढताना जन्माची वेळही पाहावी लागते, कारण आपला दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो. आमचे चौथे मूल जुलैच्या आरंभी रात्री साडेआठ वाजता जन्मले. मुंबईत ही वेळ दिवेलागणीनंतरची, म्हणून दुसरी तिथी धरली असती. ॲन आर्बरला त्या सुमारास सव्वानऊपर्यंत सूर्य मावळत नाही. मिशिगन अमेरिकेच्या पूर्वेकडील वेळ पाळते, पण त्या पट्ट्याच्या पश्चिम टोकाकडे वसलेले आहे, त्यात उन्हाळ्यात घड्याळ आणखी एक तास पुढे केलेले असते. म्हणून साडेआठला लख्ख उजेड असतो. त्या मुलाची तिथी आदल्या दिवसाचीच राहिली.

याच कारणाने उन्हाळ्यातील शब्बाथला येणारा वाढदिवस आमची परीक्षा पाहतो. शब्बाथला मेणबत्ती पेटविता येत नाही, की फुंकून विझविताही येत नाही. मंडळी तीन तारे दिसण्याची वाट पाहात अंगणात बसतात आणि तोवर रात्रीचे दहा वाजतात. शेंडेफळ त्यापूर्वीच एखाद्याच्या मांडीवर झोपी गेलेला असतो. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना कुलाबा जिल्ह्यात ‘शनवार तेली’ म्हटले जाई, त्यांच्या नातवंडा-पतवंडांस एवढी कळ काढता यावी, असे आजींचे म्हणणे. डिसेंबरात मात्र पाच वाजून गेले की सूर्यास्त होतो आणि सारे वेळेवर पार पडते.

तर आता आमच्याकडे व्यवस्था अशी आहे. शाळेतील मित्रमंडळींसाठी उन्हाळ्यात एका रविवारी ह्युरॉन नदीकाठच्या गॅलप पार्कमध्ये पाचही मुलांचा मिळून एकच मेळावा. येथील सार्वजनिक ग्रंथालय पुस्तकांप्रमाणेच खेळ, वाद्ये, दुर्बिणी इत्यादी वस्तूही सभासदांस घरी नेऊ देते, त्यामुळे खेळांवर खर्च होत नाही. परतभेटीच्या पिशव्या आम्ही देत नाही. त्यामुळे कोणी येणे सोडले, असे अद्याप घडलेले नाही.

आणि हिब्रू तिथीची संध्याकाळ ही केवळ त्या एका मुलाची. त्या दिवशी त्याच्या वाटणीची भांडी, कपड्यांच्या घड्या, बर्फ लोटणे, ही कामे भावंडे करतात. जेवणात काय असावे ते तो ठरवितो. रात्रपाळी असली तर जेवण चार वाजता होते, इतकेच. आजी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात आणि तो जन्मला त्या दिवसाची हकीकत सांगतात. तीच हकीकत दर वर्षी, आणि एखादा तपशील वगळला गेला तर मूल तो लगेच दुरुस्त करते. एका ताटात थोडासा मलिदा असतो : भिजविलेले पोहे, साखर, ओले खोबरे, वेलची, बदाम, आणि भोवती मिळतील ती फळे.

केकचा प्रश्न निराळा होता. मुलांना मटण हवे असते, आणि मांसाच्या जेवणावर लोण्याचा केक चालत नाही. वस्तुतः हा प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांनी फार पूर्वीच सोडविला होता. मांसाबरोबर दूध नको म्हणून त्यांनी नारळाच्या रसाचा आश्रय केला. चिकाचा हलवा त्याच रसात, आणि सांदणेही. आता कँटन गावच्या भारतीय दुकानांत नारळाच्या रसाचे डबे मिळतात, खोवण्याचे कष्टही उरले नाहीत. वाफेवर फुगलेल्या गरम सांदणात मेणबत्ती छान उभी राहते. मात्र फार वेळ ठेवू नये, मेण वितळते.

वाढदिवसाच्या तारखेस सरकारदरबारी किती महत्त्व असते याचा अनुभवही येथे आला. मिशिगनमध्ये पूर्वी 1 डिसेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलास बालवर्गात प्रवेश मिळे. 2012 च्या कायद्याने ही मुदत टप्प्याटप्प्याने मागे आणून 2015-16 पासून 1 सप्टेंबर केली. त्यापुढे 1 डिसेंबरपर्यंत जन्मलेल्यांच्या पालकांना लेखी कळवून मूल पाठविता येते. आमच्या सप्टेंबरअखेर जन्मलेल्या मुलाबाबत आम्ही तसे कळवावे की वर्षभर थांबावे, याचा खल पंधरा दिवस चालला होता. आजींना याचे हसू येई. त्यांच्या लहानपणी अलिबागजवळच्या खेड्यात मास्तर मुलाचा उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरावयास लावीत. कान हाती आला की मूल शाळेच्या वयाचे झाले असे समजून जन्मतारीख लिहीत : 1 जून. शाळा जूनमध्ये सुरू होत, म्हणून महाराष्ट्रात त्या पिढीतील अगणित माणसे 1 जूनला जन्मलेली आहेत.

आमच्या मातोश्रींच्या पासपोर्टावरही 1 जून 1941 हीच तारीख आहे. आपण खरोखर केव्हा जन्मलो ते त्यांना वेगळ्या रीतीने ठाऊक होते. ‘शिळ्या सणाच्या सकाळी,’ असे त्यांची आई सांगत असे. आणि मुंबईत जपानच्या लढाईची बातमी आली तेव्हा त्या दोन महिन्यांच्या होत्या. शिळा सण म्हणजे योम किप्पूरच्या, आपल्या दरफाळणीच्या सणाच्या, दुसरा दिवस. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 साली लिहिलेल्या आणि 1937 साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात त्याचे वर्णन आहे. त्या दिवशी गोरगरिबांस दान करीत आणि आप्तेष्टांच्या घरी जात. आपली तिथी काढता येते हे कळल्यावर पंधरा मेणबत्त्यांची शंका काढणाऱ्या मुलीने आजींचीही काढावयाचे मनावर घेतले. तिश्री महिन्याची 11 तारीख, वर्ष 5702. पर्ल हार्बरवरील हल्ला 7 डिसेंबर 1941 चा, त्याच्या दोन महिने मागे. उत्तर निघाले गुरुवार, 2 ऑक्टोबर 1941.

आजी काही वेळ स्तब्ध राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे गांधीजींच्या दिवशी! आणि मला कोणी सांगितले नाही!’ ऐंशी वर्षांनंतर त्यांना वाढदिवस मिळाला, आणि वर चार महिन्यांनी वयही घटले. कागदोपत्री 1 जूनच आहे. डॉक्टरांच्या कचेरीतून त्या दिवशी शुभेच्छांचा निरोप येतो आणि आजी तो नम्रपणे स्वीकारतात.

त्यांचा वाढदिवस आता शिळ्या सणालाच होतो. दान आधी, सांदण नंतर, असा त्यांचा दंडक आहे. 1988 साली ॲन आर्बरमध्ये ‘फूड गॅदरर्स’ नावाची संस्था निघाली. खानावळी व दुकाने यांतील उरलेले चांगले अन्न गोळा करून ती गरजूंपर्यंत पोहोचविते. तांदळाची पिशवी तेथे पोहोचती झाल्यावाचून आजी मेणबत्तीला हात लावू देत नाहीत. ती पिशवी गाडीपर्यंत कोणी उचलून न्यावयाची, यावरून मुलांमध्ये दर वर्षी भांडण होते.