पोटरीवरची पट्टी

रेडियमच्या कापडाला टाचणी चालत नाही. एकदा सुई शिरली की भोक कायमचं. टीप चुकली म्हणून उसवली, तर चंदेरी पट्टीवर ठिपक्यांची रांग तेवढी उरते आणि गिऱ्हाइकाची नजर नेमकी तिथेच जाते. म्हणून पट्टी जागेवर धरायला कपड्यांचे चिमटे लावतात आणि कच्चा टाका घालायचाच झाला, तर अगदी कडेला, शिवणीत दडेल असा. सुती शर्टाला बारीक टीप शोभते. इथे ती घातली तर पट्टी पोस्टाच्या तिकिटासारखी भोकाभोकांवरून फाटते. टीप मोठी हवी, तीन-साडेतीन मिलिमीटरची. मशीनचा लोखंडी पाय चंदेरी थरावर अडखळतो, तेव्हा टेफ्लॉनचा पाय बसवायचा, नाहीतर वर बटर पेपर ठेवून शिवायचं आणि मग कागद फाडून काढायचा. इस्त्री उलट्या बाजूने, तीही जेमतेम गरम.

कच्चा माल शहरात जाऊन आणावा लागतो. मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर हेल्मेट आणि हातमोज्यांच्या शेजारी या दोन इंची पट्टीचे रोल मिळतात. रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्यांच्या आणि पालिकेच्या सफाई कामगारांच्या जॅकेटांवर असते, तीच ही पट्टी. रात्री सायकलने घरी जाणाऱ्या अंधेरीच्या ऑफिसवाल्याची अडचण इथेच सुरू होते. पट्टी त्याला हवी असते, पण ते जॅकेट नको. यात थोडा नखरा आहे, हे मान्य करू. पण नखऱ्यापायी माणूस ते जॅकेट घालणारच नसेल, तर नखऱ्याची सोय करून दिलेली बरी.

ती सोय शिलाईतच होते. कॉलरच्या आतल्या बाजूला पट्टी शिवायची, म्हणजे मीटिंगमध्ये साधा शर्ट आणि हायवेवर कॉलर उभी केली की मानेमागे चांदी. कुर्त्याच्या घेराला आणि बाहीच्या कडेला बारीक पायपिंग, दिवसा राखाडी वाटणारं. सर्वांत चतुर जागा म्हणजे पॅंटचा पाय. साखळीचं ग्रीस लागू नये म्हणून सायकलवाला उजवा पाय तसाही दुमडतो, तेव्हा पट्टी आतून शिवायची, दुमडलं की ती बाहेर येते. लिवाइजने 2011 मध्ये सायकलस्वारांसाठी ‘कम्युटर’ जीन्स आणली, तिच्यात हीच युक्ती होती.

पट्टी म्हणजे केसापेक्षा बारीक काचेच्या मण्यांचा थर आणि त्यामागे अ‍ॅल्युमिनियम. प्रकाश मण्यात शिरतो, वाकतो, मागच्या अ‍ॅल्युमिनियमवर आपटतो आणि आला त्याच वाटेने परततो. त्यामुळे फुटपाथवर उभ्या माणसाला दिसतं राखाडी कापड, आणि हेडलाइटच्या मागे बसलेल्याला पांढरा झोत. दुकानात माल पारखायचा तर मोबाइलची बॅटरी कानशिलाला लावून चार पावलं मागे सरकावं. बॅटरी खाली हातात धरली, तर चांगलं कापडही मेलेलं वाटतं. आरे कॉलनीतल्या बिबट्याचे डोळे अंधारात चमकतात ते याच कारणाने; त्याला मात्र कुणी नागदेवी स्ट्रीटवर पाठवलेलं नाही.

पिवळ्याजर्द निऑन कापडावर माझा भरवसा नाही. उन्हातली अतिनील किरणं मिळाली तरच ते पेटतं. रात्री रस्त्यावरच्या दिव्यांखाली ते पिवळं कापड असतं, एवढंच. पावसाचा हिशेब आणखी वेगळा. उघड्या मण्यांची पट्टी भिजली की मंदावते, कारण पाण्याचा थर प्रकाशाची वाट मोडतो. प्लास्टिकची चौकटीचौकटींची पट्टी भिजूनही चमकते, पण तिच्यातून हवा जात नाही. आपल्या दमटपणात अख्खं जॅकेट तिचं शिवणं म्हणजे स्वतःला वाफवून घेणं. तेव्हा रेनकोटला प्लास्टिकची, शर्टाला मण्यांची.

आणि लावायची कुठे? स्वीडनच्या गुन्नर योहान्सनने 1973 मध्ये काळोखात माणसांच्या सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके लावून त्यांना चालवलं. ठिपके स्थिर असताना काही कळत नव्हतं. हलले की बघणाऱ्याला क्षणात माणूस दिसला. पुढे ऑस्ट्रेलियात जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी रात्री बंद रस्त्यावर चालकांची परीक्षा घेतली आणि निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध केले. काळ्या कपड्यांतले सायकलस्वार ओळखू आले 2 टक्के वेळा, निऑन बंडीतले 15, चमकत्या पट्टीच्या बंडीतले 50. त्याच बंडीला गुडघ्यांवर आणि घोट्यांवर पट्ट्यांची जोड दिली, तेव्हा आकडा 90 वर गेला. पाठीवरची पट्टी ड्रायव्हरला सांगते की पुढे काहीतरी आहे. खाली-वर होणारी पोटरी सांगते की तो माणूस आहे, पेडल मारतो आहे.

मुंबईहून निघणाऱ्या ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या, सायकल राइड्समध्ये हा कपडा हौसेचा राहत नाही. 300 किलोमीटर 20 तासांत, 600 किलोमीटर 40 तासांत. रात्र आडवी येतेच, आणि अंधार पडल्यावर चमकती बंडी अंगावर असलीच पाहिजे असा नियम आहे. ही मंडळी पट्टी विकत घेतात, शिवून घेतात, एकमेकांना दाखवतात.

उपनगरातले खरे रात्रीचे सायकलवाले मात्र वेगळे. पहाटे चारला पाव घेऊन निघणारे, हॅंडलला पेपरचे गठ्ठे लटकवलेले, मागे इडलीचा डबा बांधलेले. त्यांच्या अंगावर बहुधा जुनी काळपट पॅंट. स्टाइलची चर्चा त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही, आणि गरज सर्वांत जास्त त्यांनाच. त्यासाठी बुटीक लागत नाही. मुलुंड असो की बोरिवली, स्टेशनाबाहेर पॅंटची लांबी कमी करून देणारा अल्टरेशनवाला हे काम चहा थंड होण्याआधी उरकेल. त्याला एवढंच सांगायचं: दोन्ही पायांना, घोट्याच्या वर चार बोटं, आणि पट्टी पूर्ण गोल फिरव. नुसती पुढून लावली, तर मागून येणाऱ्या डंपरला तिचा काही उपयोग नाही.